धुराड्याचे तोंड

घराला जेवढी तोंडे असतात त्यांतील काहींचाच आपण सत्कार करतो. दाराला तोरण बांधतो, उंबरठ्यावर हळदीकुंकू वाहतो, खिडकीला पडदा लावतो. मोरीच्या तोंडाला मात्र कोणी झेंडूची माळ बांधल्याचे आमच्या पाहण्यात नाही. चुलीच्या धुराड्याचेही तसेच. घरातले नकोसे ज्या वाटेने बाहेर जाते त्या वाटेकडे पाठ फिरवून बसण्याची आपली जुनी रीत आहे. ती वाट तुंबली, की मग मात्र सारे घर तिच्याभोवती गोळा होते.

गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत अमेरिकेतील ओहायो राज्यात आमच्या पुतण्याकडे राहण्याचा योग आला, तेव्हा या रीतीच्या नेमका उलटा प्रकार आम्ही पाहिला. तेथे मोटारीतून धूर ज्या नळीने बाहेर पडतो तिच्या टोकालाच दागिना घालतात. कोणाचा दागिना तिरका कापलेला, कोणाचा ओठ दुमडल्यासारखा गोल, कोणाचा आरशासारखा लखलखीत, तर कोणाचा मुद्दाम तापवून मोराच्या गळ्याच्या रंगाचा केलेला. या वस्तूस इंग्रजीत ‘टिप’ म्हणतात. आमची मराठीची पदवी येथे फारशी उपयोगी पडली नाही. आपल्याकडील मिस्त्री इंजिनापासून शेपटापर्यंतच्या साऱ्या नळीला ‘सायलेन्सर’ म्हणून मोकळे होतात, त्यामुळे टोकाला निराळे नाव देण्याची गरजच कोणाला पडलेली नाही. झारीला असते तशी ही धुराची तोटी. आम्ही तिला तोटीच म्हणू.

पुतण्याची गाडी म्हणजे एक जुनी शाळेची बस. आयुष्य शाळेत गेलेल्या माणसाला ती पाहून आप्तभेट झाल्यासारखे वाटावे, यात नवल नाही. अमेरिकेतील शाळांच्या बसगाड्या सर्वत्र एकाच पिवळ्या रंगाच्या असतात. १९३९ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाच्या शिक्षक महाविद्यालयात फ्रँक सिर नावाच्या प्राध्यापकांनी एक परिषद भरविली आणि तीत हा रंग ठरला. पहाटेच्या अंधुक उजेडातही त्यावरची काळी अक्षरे वाचता यावीत, हा हेतू. बस शाळेच्या सेवेतून निवृत्त झाली, की बहुतेक राज्यांत तिला तो रंग उतरवावा लागतो. निवृत्तीनंतर अधिकाराची वस्त्रे उतरवावी लागतात हे मनुष्याप्रमाणेच बसलाही चुकलेले नाही. अशा निवृत्त बसगाड्या लिलावात स्वस्तात मिळतात. हौशी लोक त्या घेतात, आतील बाके काढतात आणि तेथे ओटा, पलंग, न्हाणीघर करून चाकांवरचे घर थाटतात.

आमच्या पुतण्याने १९९८ सालची एक बस घेऊन तिला आकाशी रंग दिला होता. पुढच्या अंगाला डिझेलचे इंजिन, मध्ये सौ. सूनबाईंचे स्वयंपाकघर आणि अगदी मागे, आडव्या दोन फळ्यांवर, एकीवर एक, नातवंडांची अंथरुणे. नात नऊ वर्षांची, नातू सहाचा. बाके काढल्यावर जमिनीच्या पत्र्यात त्यांच्या बोल्टांची भोके उरतात. ती बुजविण्याची एक गमतीची पद्धत त्या लोकांत रूढ आहे. प्रत्येक भोकावर एक सेंटचे तांब्याच्या रंगाचे नाणे ठेवून ते चिकटद्रव्याने पक्के करतात. बुजवण्यासाठी त्याहून स्वस्त चकती बाजारात मिळत नाही, असे पुतण्याने सांगितले. लक्ष्मी पायाखाली घालण्याचा हा प्रकार आमच्या सौभाग्यवतींना मुळीच रुचला नाही. परंतु त्या नाण्यांचे खरे मोल पुढे कळावयाचे होते.

जुलैत सहकुटुंब दूरच्या प्रवासाला निघण्याचा बेत होता, आणि आम्ही परत निघण्यापूर्वी बसची डागडुजी पुरी व्हावी, अशी पुतण्याची इच्छा होती. एके दिवशी खोके आले. त्यातून त्याने दोन तोंडांची, खाली वाकलेली, क्रोमचा मुलामा दिलेली भलीमोठी तोटी काढली आणि मुलाच्या मुंजीतील भिकबाळी दाखवावी तशा कौतुकाने आमच्यापुढे धरली.

“काका, जुनी तोटी अगदी गेली आहे हो. ही बसवली की बस कशी दिसेल पाहा!”

आम्ही त्याच्यासह बसच्या मागे जाऊन वाकून पाहिले. जुनी तोटी ‘गेली’ होती हे खरेच. पण ती एकटी गेली नव्हती. मागच्या बंपरच्या बरीच आत, जमिनीच्या पत्र्याखालीच, नळी संपली होती. उरलेल्या टोकावर हातोडीने टिचकी मारली, तर धातूचा खणखणीत नाद न येता ओल्या मडक्यासारखा बद्द आवाज आला आणि गंजाचे पापुद्रे खाली पडले.

लोखंडाची नळी आगीच्या सान्निध्यात राहून गंजते कशी, असा प्रश्न आमच्या विद्यार्थ्यांनी विचारला तर त्याचे उत्तर मोठे रंजक आहे. डिझेलमध्ये कार्बनबरोबर हायड्रोजन असतो. तो जळला की हवेतील ऑक्सिजनशी मिळून त्याचे पाणी होते. एक लिटर डिझेल जळले, की धुरातून सुमारे एक लिटर पाणी वाफेच्या रूपाने बाहेर पडते. नळी तापलेली असते तोवर ही वाफ निघून जाते. परंतु गाडी थोडीच चालवून उभी केली, तर वाफ नळीच्या गार भागातच थिजते. तो गार भाग म्हणजे इंजिनापासून सर्वांत दूरचा, शेपटाचा. जुन्या डिझेलमध्ये गंधक अधिक असे, आणि त्याचे आम्ल या पाण्यात उतरे. अमेरिकेत २००६ पासून रस्त्यावरच्या वाहनांसाठी जवळजवळ गंधकविरहित डिझेल आले, आपल्याकडे १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहाचे. तरी पाणी ते पाणीच. त्यात ओहायोच्या हिवाळ्यात बर्फ वितळावे म्हणून रस्त्यांवर मीठ पसरतात. आतून पाणी आणि बाहेरून मीठ, असा दुहेरी वेढा पडल्यावर लोखंडाने किती दिवस तग धरावा?

म्हणून तोटी कोणत्या धातूची, हा प्रश्न केवळ शोभेचा नाही. साध्या लोखंडावरचा क्रोमचा मुलामा प्रथम फार देखणा दिसतो. पण मुलाम्याला बारीक चीर गेली, की तिच्यातून पाणी शिरते आणि वरचे पापुद्रे सुटतात. ॲल्युमिनियमचा लेप दिलेले पोलाद त्याहून टिकाऊ. सर्वांत टिकाऊ ते आपल्या घरच्या भांड्यांचे स्टेनलेस. इंग्लंडच्या शेफील्ड शहरी १९१३ साली हॅरी ब्रेअर्ली यांनी ते तयार केले. त्यातील क्रोमियम हवेशी संयोग पावून पृष्ठभागावर अतिशय पातळ असे कवच धरते, आणि ओरखडा पडला तरी ते कवच आपोआप पुन्हा जमते. तापल्यावर हेच कवच जाड होऊ लागते आणि त्यावर प्रथम गवती, मग जांभळा, मग निळा रंग चढतो. तो मोराच्या गळ्याचा रंग म्हणजे कोणी लावलेला रंग नव्हे, प्रकाशाचा खेळ आहे.

पुतण्या ही माहिती आवडीने सांगत होता आणि आम्ही आवडीने ऐकत होतो. इतक्यात सौभाग्यवती चहा घेऊन तेथे आल्या. त्यांनी खाली वाकून पाहिले नाही, वर पाहिले. नळीचे तोंड जेथे होते, त्याच्या बरोबर वर मागची खिडकी होती, आणि खिडकीच्या आत नातवंडांच्या फळ्या.

“अरे, याचा धूर पोरांच्या अंथरुणाखालीच निघतो की काय?” त्यांनी विचारले.

“काकू, डिझेलला तेवढा धोका नसतो. आणि ही तोटी खाली वाकलेली आहे, धूर जमिनीकडे जाईल.”

“जमिनीकडे गेलेला धूर तिथंच बसतो होय? माझ्या माहेरी धुराडं आढ्याच्या वर काढलेलं होतं. आढ्याच्या खाली सोडलं, तर वारा फिरला की धूर पुन्हा माजघरात.”

न्यायशास्त्रात धुरावरून अग्नीचे अनुमान करतात, हे तर्क शिकणाऱ्या प्रत्येकास ठाऊक आहे. पर्वतावर धूर दिसला म्हणजे तेथे अग्नी असलाच पाहिजे. पण इंजिनाच्या धुरात एक वायू असा आहे की तो या अनुमानाला साफ चकवितो. त्याला रंग नाही, गंध नाही, चव नाही. तो कार्बन मोनॉक्साइड. आपल्या रक्तातील हिमोग्लोबिन ऑक्सिजनला जितक्या ओढीने धरते, त्याच्या दोनशेहून अधिक पटीने या वायूला धरते, आणि एकदा धरले की सहज सोडत नाही. फुप्फुसात हवा भरपूर असूनही देह आतून गुदमरतो. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास फ्रान्सच्या क्लोद बेर्नार यांनी ही विषबाधा रक्तात कशी घडते ते दाखविले. पुढे स्कॉटलंडचे हॉल्डेन यांनी खाणकामगारांसाठी कॅनरी पक्षी सोबत नेण्याची युक्ती सुचविली, कारण तो इवला जीव माणसाच्या आधी ग्लानी येऊन पडतो. ब्रिटनच्या खाणींत हे पक्षी १९८६ पर्यंत चाकरीला होते.

या वायूची पहिली लक्षणे म्हणजे डोके दुखणे, मळमळ आणि गुंगी. जागा मनुष्य उठून बाहेर तरी जाईल. निजलेल्याची गुंगी आणि झोप यांतला भेद कोण ओळखणार? विख्यात फ्रेंच कादंबरीकार एमिल झोला यांचा अंत असाच झाला. २९ सप्टेंबर १९०२ रोजी पॅरिसच्या घरी, शयनगृहातील शेगडीचे धुराडे तुंबलेले असताना, झोपेतच त्यांना या वायूने गाठले. पत्नी कशीबशी वाचली. आणि हे जुन्या काळचे, परदेशचे म्हणून सोडून देता येत नाही. डिसेंबर २०२४ मध्ये केरळातील वडकरा येथे रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या अशाच एका चाकांवरच्या घरात दोन माणसे मृतावस्थेत आढळली. वातानुकूलनासाठी चालू ठेवलेल्या जनरेटरचा हा वायू आत शिरला होता, असे तपासात निघाले. अमेरिकेत तर आगीशी संबंध नसलेल्या या विषबाधेने दरवर्षी चारशेहून अधिक माणसे दगावतात.

डिझेलच्या इंजिनातून हा वायू पेट्रोलच्या मानाने कमी निघतो, हे पुतण्याचे म्हणणे खरे होते. पण कमी म्हणजे शून्य नव्हे; आणि त्याच्या बसमध्येही पेट्रोलवर चालणारा एक जनरेटर होताच. बसच्या मागे चालताना हवेची एक पोकळी तयार होते, आणि तिच्यात धूर पुढे, गाडीच्याच दिशेने ओढला जातो. मागची खिडकी उघडी असली वा पत्र्यात एखादे भोक राहिले, की त्याला आत वाट मिळते. नाण्यांनी बुजविलेल्या भोकांचे मोल आता ध्यानात आले. सौभाग्यवतींनी लक्ष्मी पायाखाली घालण्याबद्दलची आपली हरकत त्याच संध्याकाळी मागे घेतली.

पुतण्या थोडा हिरमुसला. दोन तोंडांची ती तोटी आखूड नळीवर बसणारी होती. नळी लांबविली तर तिला जागा उरत नव्हती. त्याने रात्री नियम काढून पाहिले. प्रवासी वाहतुकीच्या डिझेल बसगाड्यांसाठी अमेरिकेत नियम आहे, की धुराचे तोंड गाडीच्या सर्वांत मागच्या टोकापासून पुढे १५ इंचांच्या आत असावे, नाहीतर उघडणाऱ्या सर्व दारेखिडक्यांच्या मागे असावे. पेट्रोलच्या बसला तर ६ इंचच. खाजगी घर-बसला हा नियम लागू नाही. “पण काका,” तो म्हणाला, “अनोळखी उतारूंना जेवढं जपायचं, तेवढं स्वतःच्या पोरांना नको का जपायला?” हे वाक्य ऐकून आम्हांला फार बरे वाटले. आपल्या अधिकारापेक्षा आपले कर्तव्य मोठे मानणारा माणूस घडला, म्हणजे शिक्षणाचे निम्मे काम झाले.

दुसऱ्या दिवशी क्रोमची तोटी परत गेली आणि कामाला आरंभ झाला. गाडी समतल जमिनीवर घेऊन चाकांना अडसर लावले. गंजलेली नळी, जेथे हातोडीचा नाद खणखणीत येऊ लागला तेथपर्यंत, कापून काढली. तेथून बंपरच्या बाहेरपर्यंत लेप दिलेल्या पोलादाची नवी नळी जोडली. जुन्या नळीचा बाहेरचा व्यास ४ इंच होता. तोटी घेताना तिच्या आतल्या तोंडाचा व्यास नळीच्या बाहेरच्या व्यासाइतका असावा लागतो, मग बाहेरचे तोंड हवे तेवढे मोठे असो. अरुंद तोटी घातली, तर धूर मागे कोंडून इंजिनाचा दम लागतो. मोठी घातली म्हणून इंजिनाची शक्ती मात्र वाढत नाही. हौशी लोकांची समजूत याबाबत काहीशी उदार असते. नव्या गाड्यांची गोष्ट आणखी निराळी. २००७ नंतरच्या अमेरिकन डिझेल गाड्यांत काजळी जाळणारी गाळणी असते आणि तिच्यामुळे धूर अतिशय तप्त होतो. त्यांतील कित्येकांच्या टोकाला बाहेरची हवा मिसळून धूर निवविणारी तोटी कारखान्यातूनच बसविलेली असते. शोभेसाठी ती काढली, तर खालच्या वाळल्या गवताला आग लागावयाची. १९९८ च्या बसला ही गाळणी नव्हती, म्हणून निवड मोकळी होती.

ती निवड आता नातीवर सोपविण्यात आली. तिने स्टेनलेसची, एकाच तोंडाची, किंचित तिरकी तोटी पसंत केली. ती बंपरच्या बाहेर दोन बोटे येईल अशी बसविली. त्याहून पुढे आली, तर येणाऱ्याजाणाऱ्याची पोटरी भाजावयाची. तोंड डावीकडे वळविले. तिकडे वाहने रस्त्याच्या उजव्या अंगाने चालतात, बसचे दार उजवीकडे उघडते आणि मुक्कामी खुर्च्याही त्याच बाजूस मांडतात, म्हणून धूर डावीकडे जावा हे उत्तम. पट्टा आवळून सांधा पक्का केला आणि नळी रबरी टांगणीवर अशी बसविली, की खड्ड्यात हिसका बसला तरी ती हलावी पण तुटू नये.

मग परीक्षा. इंजिन बंद व नळी थंड असताना, केरवारा ओढणारे यंत्र उलटे लावून पुतण्याने नळीत हवा फुंकली आणि नातवंडांनी प्रत्येक सांध्यावर साबणाचे पाणी ब्रशने लावले. सांधा फुटका असेल तेथे बुडबुडे येतात. दोन ठिकाणी आले. एक नव्या पट्ट्यापाशी, तो आणखी आवळला. आणि दुसरे पार मधोमध, स्वयंपाकघराच्या खाली, जेथे कोणाचीच दृष्टी गेली नव्हती. तेथे नळीला नखाएवढी चीर होती. तेवढाही तुकडा बदलला. क्रोमची तोटी पहिल्याच दिवशी बसली असती, तर ही चीर झाकलेलीच राहिली असती. शेवटी नातवंडांच्या उशापाशी भिंतीवर या वायूची चाहूल लागताच घंटा वाजविणारे यंत्र बसविले. नातवाने त्याचे नाव ‘कॅनरी’ ठेवले आणि त्याला रोज सकाळी सुप्रभात म्हणू लागला.

अलंकार आणि उपयोग यांचा वाद साहित्यात फार जुना आहे. अलंकारशास्त्राचे अध्यापन करताना आम्ही मुलांना सांगत असू, की अर्थाला आधी उभे करावे, मग त्याला दागिने घालावेत. ओहायोतील त्या अंगणात हे वाक्य लोखंडात ओतलेले पाहावयास मिळाले. नळी पुरेशी लांब झाली, सांधे पक्के झाले, धूर निजलेल्यांपासून दूर गेला. मग त्या टोकावर एक चमकदार तोटी घातली, तर तिला कोण नावे ठेवील? दागिन्याचा दोष नसतो. तो कशावर चढविला, हे पाहावे.

आपल्या मंडळींचे लग्नसराईत, यात्रेत, शाळेच्या सहलीत भाड्याच्या बसगाड्यांतून येणेजाणे पुष्कळ. गाडी ठरविताना आपण पडदे, गाद्या आणि गाण्याची सोय विचारतो. तेवढ्याच आपुलकीने एकवार मागे जाऊन धुराची नळी कोठे संपते हे पाहावे. ती गाडीच्या पोटाखालीच संपत असेल, तर चालकाला सांगावे. गाडी उभी करून इंजिन वा जनरेटर चालू ठेवून आत कोणी निजू नये. प्रवासात एकाहून अधिक माणसांचे डोके एकदम दुखू लागले, तर ते गाडी लागण्यावर न ढकलता सर्वांना आधी मोकळ्या हवेत उतरवावे. आमच्या शाळेत मुलांना आणणाऱ्या गाड्यांची सत्रारंभी पाहणी होते. तिच्या यादीत यंदा दिवे, चाके आणि आणीबाणीचे दार यांच्या जोडीला एक ओळ नव्याने घातली आहे. तपासताना वाकावे लागते आणि धोतर असो की विजार, गुडघ्याला माती लागते. लागू द्यावी.